प्रोफाइल आहे, पण फोन येत नाही

चाकण, रांजणगाव किंवा हिंजवडीत पाच-सहा वर्षं नोकरी झालेल्या माणसासमोर लिंक्डइनचा विषय काढला, की बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते. ‘‘प्रोफाइल कधीच करून ठेवलंय. फोटो आहे, डिग्री आहे, कंपनीचं नाव आहे, पाचशेच्या वर कनेक्शन आहेत. मग आपल्याला कुणी विचारत का नाही?’’ आणि पाठोपाठ दुसरं वाक्य: ‘‘माझ्या शेजारच्या लाइनवरचा तो, त्याला मात्र महिन्याला दोन कॉल येतात. काम काय माझ्यापेक्षा जास्त करतो का?’’

करतही नसेल. पण त्याचं प्रोफाइल सापडतं आणि याचं सापडत नाही. असं का होतं हे कळायला आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: हे संकेतस्थळ पैसे कुणाकडून मिळवतं, तिथे शोधणारा माणूस नेमकं काय करतो, आणि शोध लागल्यावर तो किती वाचतो.

१. पैसे कोण देतं?

ओळखीच्या माणसांचं जाळं इंटरनेटवर मांडायची कल्पना लिंक्डइनच्या आधीची आहे. १९९७ साली अमेरिकेत ‘सिक्सडिग्रीज’ नावाचं संकेतस्थळ निघालं. तिथे नाव नोंदवायचं, ओळखीची माणसं जोडायची आणि त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोचायचं. त्या काळात लोकांकडे इंटरनेटच पुरेसं नव्हतं, त्यामुळे ते चाललं नाही. पण त्याचं पेटंट मागे राहिलं आणि २००३ साली ते सात लाख डॉलरला विकलं गेलं. विकत घेणाऱ्या दोघांपैकी एक होता रीड हॉफमन. पेपालमध्ये मोठ्या पदावर काम केलेल्या हॉफमनने २००२च्या अखेरीस काही सहकाऱ्यांबरोबर लिंक्डइनची जुळवाजुळव सुरू केली होती आणि ५ मे २००३ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला घेतलं. २०२३च्या अखेरीस जगभरातली सदस्यसंख्या एक अब्जावर गेली. त्यात भारतीय दहा कोटींहून अधिक, म्हणजे अमेरिकेखालोखाल. २०२४ पासून या ॲपची बटणं आणि सूचना मराठीतही दिसू शकतात.

आपल्याकडे नोकरी शोधायचं संकेतस्थळ म्हटलं, की आधी ‘नोकरी डॉट कॉम’ आठवतं. तेही १९९७चंच. तिथला मूळ व्यवहार सरळ आहे: नोकरी हवी असलेला माणूस बायोडेटा टाकतो, जाहिरात बघतो, अर्ज करतो. लिंक्डइनवर मात्र नोकरी न शोधणारी माणसंही असतात, आणि कंपन्यांना अनेकदा तीच हवी असतात. चांगला वेल्डिंग इंजिनिअर सहसा आधीच कुठेतरी कामाला असतो. त्याला हुडकून काढायची सोय लिंक्डइन कंपन्यांना विकतं. भरती करणाऱ्यांना विकलेल्या या सेवा हा त्याच्या कमाईतला सर्वांत मोठा वाटा आहे. सामान्य सदस्याला खातं फुकट मिळतं, कारण गिऱ्हाईक तो नाही; गिऱ्हाईक म्हणजे त्याला शोधणारा.

एवढं ध्यानात आलं, की प्रोफाइलबद्दलचा अर्धा गोंधळ सुटतो. ते आपल्या आवडीप्रमाणे सजवायचं दालन नव्हे. तिऱ्हाईत माणसाला, घाईत असताना, आपण सापडावं म्हणून केलेली ती नोंद आहे.

२. शोधणारा काय टाइप करतो?

समजा, पुण्याजवळच्या वाहन-भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला माणूस हवाय. बाहेरच्या पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता त्याने सांभाळायची. अशा कामाला कारखान्यात ‘सप्लायर क्वालिटी’ म्हणतात. विभागप्रमुख एचआरला कामाचं वर्णन पाठवतो, एचआर ते कन्सल्टन्सीकडे देतं, आणि तिथला पंचविशीतला रिक्रूटर शोध सुरू करतो. सीएमएम आणि व्हर्नियर या मोजमापाच्या साधनांतला फरक त्याला माहीत असेलच असं नाही. कागदावर जे शब्द आहेत, तेच तो शोधाच्या चौकटीत टाकतो: सप्लायर क्वालिटी, पीपीएपी, सीएमएम, पुणे. हे शब्द एकमेकांना जोडायला ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ असे जोडशब्द वापरतो. ‘क्वालिटी इंजिनिअर’ किंवा ‘क्यूए इंजिनिअर’ यांतलं काहीही चालेल, पण ‘सॉफ्टवेअर’ नको, असं त्यातून सांगता येतं. सॉफ्टवेअरवाल्यांकडेही क्वालिटी इंजिनिअर असतात. ते वगळले नाहीत तर हिंजवडीतली अर्धी माणसं यादीत येतील.

आता आपल्या तक्रारदाराच्या प्रोफाइलकडे पाहू. सहा वर्षं तो हेच काम करतोय. नवा भाग मोठ्या प्रमाणावर बनवायला घेण्याआधी ग्राहक कंपनीची मंजुरी लागते. त्या कागदपत्रांच्या ठरलेल्या पद्धतीला पीपीएपी म्हणतात, आणि ती फाइल तो झोपेतही लावू शकेल. मायक्रॉनपर्यंत माप घेणारं सीएमएम यंत्र तो रोज हाताळतो. पण प्रोफाइलवर हुद्दा लिहिलाय ‘ऑफिसर, ग्रेड २’, कारण नेमणूकपत्रावर तसंच आहे. कामाच्या रकान्यात कंपनीचं नाव आणि तारखा, बाकी काही नाही. ठिकाण म्हणून कराड, कारण घर तिकडे आहे. पीपीएपी हा शब्द प्रोफाइलभर कुठेच नाही. रिक्रूटरने दिवसभर शोध घेतला तरी हा माणूस त्याला दिसणार नाही.

हुद्द्याचा हा घोळ फार सर्रास आहे. प्रत्येक कंपनीची आपली श्रेणीची भाषा असते: जीईटी, असोसिएट, मेंबर टेक्निकल स्टाफ, एल-३. त्या कंपनीच्या गेटाबाहेर तिचा अर्थ कुणाला लागत नाही आणि ते शब्द कुणी शोधतही नाही. नेमणूकपत्रावरचा हुद्दा अनुभवाच्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्यावा, तिथे बदल करू नये. मात्र बाजारात त्या कामाला जे नाव आहे, ते शीर्षकात आणि वर्णनात आलंच पाहिजे.

ते नाव कुठून कळणार? सोपी युक्ती आहे. आपल्याला पुढे जे काम हवंय, त्याच्या दहा-बारा जाहिराती उघडाव्यात आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द वहीत उतरवावेत. त्यांतले जे आपल्याला खरोखर येतात, तेवढेच प्रोफाइलवर जातील. जे येत नाहीत, ती पुढच्या वर्षी काय शिकायचं याची यादी झाली.

३. शीर्षक: एसटीची पाटी

शोध लागल्यावर रिक्रूटरला पूर्ण प्रोफाइल दिसत नाही. दिसते एक यादी: छोटा फोटो, नाव, त्याखाली शीर्षकाची ओळ, ठिकाण. कुणाच्या नावावर टिचकी मारायची हे तो एवढ्यावरच ठरवतो.

स्वारगेटच्या फलाटावर उभा असलेला प्रवासी गाडीचं इंजिन तपासत नाही, पाटी वाचतो. ‘सातारा - कराड - कोल्हापूर’ दिसलं की चढतो. त्या पाटीवर ‘सुखकर प्रवास, अनुभवी चालक’ एवढंच लिहिलं असतं तर गाडी रिकामी गेली असती. लिंक्डइनवरच्या हजारो पाट्या मात्र नेमक्या तशाच आहेत: ‘मेहनती आणि प्रामाणिक’, ‘चांगल्या संधीच्या शोधात’, ‘नवं शिकण्याची आवड’. मेहनती हा शब्द टाकून माणूस कुणी शोधत नाही. आणि आळशी माणूसही स्वतःला मेहनतीच म्हणवतो, त्यामुळे त्या शब्दातून काही कळतही नाही.

शीर्षकाला २२० अक्षरांची जागा असते. आपण काही लिहिलं नाही, तर सध्याचा हुद्दा आणि कंपनी एवढंच तिथे आपोआप येतं. आपल्या तक्रारदाराचं शीर्षक असं होतं:

‘डिप्लोमा मेकॅनिकल. मेहनती. योग्य संधीच्या शोधात.’

ते असं करता येईल:

‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, वाहन उद्योग. कास्टिंग आणि मशिनिंग पार्ट्स. पीपीएपी, सीएमएम, आयएटीएफ १६९४९ ऑडिट. पुणे.’

शेवटचा आकडा म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक. त्या क्षेत्रातल्या माणसाला तो लगेच कळतो. ही ओळ इथे मराठीत दिली असली, तरी प्रत्यक्षात ती इंग्रजीतच लिहावी. शोधणारा इंग्रजीत टाइप करतो. दुसऱ्या ओळीत एकही विशेषण नाही, सगळी नामं आहेत. शीर्षक नीट जमलंय का हे पाहायची यापेक्षा बरी कसोटी नाही.

४. अबाउट आणि अनुभव: किती, कशावर, आधी काय, नंतर काय

टिचकी मारून आत आलेला माणूस वाचतो तो ‘अबाउट’चा परिच्छेद. त्याला २,६०० अक्षरांपर्यंत जागा आहे, पण पडद्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला ‘आणखी पाहा’वर बोट ठेवावं लागतं. म्हणून महत्त्वाचं सगळं वर हवं. बरेच जण इथे निवेदकाची भाषा धरतात: ‘श्री. अमुक हे एक अभ्यासू व्यक्तिमत्त्व असून...’ स्वतःच्या प्रोफाइलवर स्वतःला ‘हे’ म्हणणं वाचणाऱ्याला विचित्र वाटतं. ‘मी’ लिहावं. हल्ली आणखी एक भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सांगून परिच्छेद करून घेतला जातो. त्यातलं इंग्रजी निर्दोष असतं, पण ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट-ड्रिव्हन’ वगैरे शब्दांनी भरलेले तसलेच वीस परिच्छेद रिक्रूटरने सकाळपासून वाचलेले असतात. व्याकरण सुधारून घ्यायला हे साधन उत्तम. माहिती मात्र आपलीच हवी, कारण चाकणच्या त्या लाइनवर काय घडलं हे त्याला ठाऊक नाही.

अनुभवाचा रकाना हा प्रोफाइलचा खरा गाभा, आणि तिथेच सगळ्यात जास्त कंटाळा केला जातो. आपल्या माणसाने लिहिलं होतं: ‘इनकमिंग मालाची तपासणी करणे, रिपोर्ट बनवणे, सप्लायरशी समन्वय साधणे.’ यात खोटं काही नाही. पण क्वालिटीतला प्रत्येक जण हेच करतो. वेगळं काय, ते काढायला चार प्रश्न पुरतात: किती? कशावर? आधी काय होतं, नंतर काय झालं? आणि त्यात माझा हात कुठे होता?

कुणी समोर बसून हे प्रश्न विचारले, की गोष्ट बाहेर येते. ‘‘किती सप्लायर?’’ अकरा. ‘‘किती भाग?’’ चाळीसेक. ‘‘त्रास कशाचा होता?’’ एका ब्रॅकेटमधलं भोक सारखं सरकायचं. महिन्याला दहा हजार नग यायचे, त्यातले तीनशे परत जायचे. ‘‘मग काय केलं?’’ सप्लायरकडे जाऊन दोन दिवस मशिनवर उभा राहिला. भाग ज्यात पकडून ठेवतात, त्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजत होती आणि ती कधी बदलायची याची नोंदच कुणी ठेवत नव्हतं. इतक्या नगांनंतर पिन बदलायचीच, असा नियम त्याने लावून दिला. तीन महिन्यांत परत जाणारे नग शंभराच्या खाली आले.

आता हेच तीन ओळींत: ‘११ सप्लायर, सुमारे ४० कास्टिंग आणि मशिनिंग पार्ट्सची जबाबदारी. एका ब्रॅकेटमधल्या भोकाच्या तक्रारीचं मूळ फिक्स्चर पिनच्या झिजेत शोधलं. पिन बदलण्याचं वेळापत्रक लावलं. रिजेक्शन तीन महिन्यांत ३ टक्क्यांवरून १ टक्क्याखाली.’ हे वाचून समोरच्या विभागप्रमुखाच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो: किती नगांनंतर बदलायची ठरवली? मुलाखतीतला पहिला प्रश्न उमेदवारानेच पेरून ठेवलेला असतो, आणि त्याचं उत्तर त्याला पाठ करावं लागत नाही.

सगळ्यांच्याच कामात टक्केवारी निघत नाही. पण आवाका सगळ्यांच्या कामाला असतो. नर्सने किती खाटांच्या अतिदक्षता विभागात काम केलं, अकाउंटंट महिन्याला किती व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरते, ग्रंथपालाने किती पुस्तकांची नोंद संगणकावर आणली, हे आकडे साधे असले तरी बोलके आहेत. नुकताच शिकून बाहेर पडलेल्याकडे अनुभव नसतो, पण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असतो, ॲप्रेंटिसशिप असते. ‘प्रकल्प: सोलर ड्रायर’ एवढ्यावर न थांबता तो कुठे लावला, त्यात काय वाळवलं, किती तास लागले, हे लिहिता येतं.

इथे एक सावधगिरी. ग्राहक कंपनीचं नाव, नकाशा, उत्पादनाचे नेमके आकडे ही माहिती कंपनीची असते आणि नेमणुकीच्या करारात तसं लिहिलेलंही असतं. शंका असेल तर नग सांगू नयेत, टक्के सांगावेत. ग्राहकाच्या नावाऐवजी ‘एक दुचाकी निर्माता’ असं लिहावं. दुसऱ्याची गुपितं मांडणाऱ्याला नोकरी द्यायला नवी कंपनीही बिचकतेच.

नोकरीत खंड पडलेल्यांचा, विशेषतः बाळंतपणानंतर थांबलेल्या स्त्रियांचा, एक वेगळा प्रश्न असतो: ती दोन वर्षं लपवायची का? लपवून फायदा नाही, तारखा बोलतातच. २०२२ पासून लिंक्डइनवर ‘करिअर ब्रेक’ ही वेगळी नोंद करता येते. मुलांचं संगोपन, घरच्यांचं आजारपण, शिक्षण अशी कारणं त्यात निवडता येतात. त्या काळात केलेला कोर्स किंवा सांभाळलेला घरचा व्यवसाय तिथेच लिहिता येतो.

५. थोडं फुगवलं तर काय होतं?

स्कॉट थॉम्पसन जानेवारी २०१२ मध्ये याहूचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. त्याच्या अधिकृत परिचयात लेखाशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन विषयांतली पदवी लिहिलेली होती. कंपनीचे समभाग बाळगून असलेल्या एका गुंतवणूकदार संस्थेने चौकशी केली, तेव्हा पदवी फक्त लेखाशास्त्रातली असल्याचं उघड झालं. मे महिन्यात त्याला जावं लागलं. त्याच्या कर्तबगारीबद्दल वाद नव्हता. आधी तो पेपालचा अध्यक्ष होता. याहूतल्या त्या पदासाठी संगणकशास्त्राची पदवी लागतच नव्हती. एका शब्दापायी पद गेलं.

आपल्याकडे तपासणी कशी होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी बाहेरच्या संस्थेकडून पार्श्वभूमी तपासून घेतात. रिलीव्हिंग लेटर मागवतात, विद्यापीठाकडून पदवी पडताळतात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून कोणत्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडलं हे पाहतात. प्रोफाइलवर मार्चपर्यंत नोकरी आणि पीएफच्या नोंदीत नोव्हेंबरपर्यंत, असं निघालं की साध्या विसराळूपणालाही खुलासा द्यावा लागतो. तेव्हा तारखा टाकताना यूएएनची नोंद समोर ठेवलेली बरी.

कौशल्यांच्या यादीखाली ओळखीचे लोक ज्या टिचक्या मारतात, ती ‘एंडोर्समेंट’ची सोय २०१२ पासून आहे आणि तिला फारशी किंमत नाही. ज्याने कधी आपलं काम पाहिलं नाही, असा मावसभाऊही ती मारू शकतो. ‘रेकमेंडेशन’ वेगळं. त्यात कुणीतरी आपल्या नावानिशी चार ओळी लिहितो. ते मागताना ‘‘सर, दोन शब्द लिहा ना माझ्याबद्दल’’ म्हटलं, की ‘होतकरू आणि मनमिळाऊ’ एवढंच हाती लागतं. ‘‘सर, ब्रॅकेटच्या पिनचं काम आपण पाहिलं होतं, त्याबद्दल लिहाल का?’’ असं विचारलं, तर साहेबांचंही काम हलकं होतं. अशी दोन खरी पत्रं वीस टिचक्यांना भारी पडतात.

६. जवळच्यापेक्षा लांबचा उपयोगी का पडतो?

प्रोफाइल नीट झालं, आता माणसं. इथे एका जुन्या संशोधनाकडे वळावं लागतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की नव्या जागेची बातमी कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांची बातमी देणाऱ्याशी वारंवार भेट होत असे. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. मित्राने सांगितलं का, असं विचारल्यावर काही जण दुरुस्ती करत: मित्र नाही, नुसती ओळख. १९७३ साली त्याने हे मांडलं आणि ‘दुबळ्या धाग्यांचं बळ’ ही कल्पना समाजशास्त्रात रुजली.

कारण फार गूढ नाही. जवळच्या मित्राला जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. दोघं एकाच टपरीवर चहा पितात. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. तिथल्या बातम्या आपल्यापर्यंत येणार त्या त्याच्याचमार्फत.

हे निरीक्षण पन्नास वर्षांनी लिंक्डइनवरच तपासलं गेलं. ‘ही माणसं तुमच्या ओळखीची असतील’ अशा ज्या सूचना सदस्यांना येतात, त्या पाच वर्षं मुद्दाम कमीजास्त करून दोन कोटींहून अधिक लोकांवर काय परिणाम झाला ते संशोधकांनी पाहिलं. निष्कर्ष २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. (आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या लोकांना सांगितलेलं नव्हतं, यावरून टीकाही झाली.) सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम दुबळ्या ओळखी: अगदीच परकी माणसं नव्हेत, जिवलगही नव्हेत, थोडे समान परिचित असलेली. संगणकाशी जास्त संबंध असलेल्या उद्योगांत हे अधिक खरं निघालं. जिथे तो संबंध कमी, तिथे घट्ट नात्यांचाच उपयोग जास्त दिसला.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाचशे कनेक्शन हा आकडा स्वतःहून काही करत नाही. लिंक्डइनवर प्रत्येक माणसाच्या नावापुढे पहिली, दुसरी, तिसरी अशी पायरी दिसते: आपला परिचित, परिचिताचा परिचित, त्याही पलीकडचा. काम करण्यासारखी जागा दुसऱ्या पायरीवर आहे. शिक्षणसंस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, आणि ते कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत आहेत यावरून ती चाळता येते. कराडच्या तंत्रनिकेतनातून शिकून गेलेला कुणी जर्मनीत किंवा आखातात असेल, तर तो नेमका इथे सापडतो.

त्याला नुसती विनंती पाठवायची नाही, सोबत दोन ओळी लिहायच्या. ‘‘सर, जॉब असेल तर सांगा’’ ही ओळ वाचून माणूस गप्प बसतो, कारण त्याने करायचं काय हेच त्यात नाही. ‘‘सर, मीही आपल्याच कॉलेजचा, २०१९ची बॅच. सध्या चाकणला सप्लायर क्वालिटीत आहे. तिकडच्या कंपन्या आपला ऑडिटचा अनुभव धरतात का, एवढंच विचारायचं होतं,’’ याला बहुतेक माणसं उत्तर देतात. नोकरी मागितली तर नाही म्हणावं लागतं, माहिती विचारली तर बोलणं सुरू होतं.

७. दार किती उघडं ठेवायचं?

फोटोबद्दल इतकं लिहिलं जातं, की इथे एक वाक्य पुरे: चेहरा स्पष्ट, उजेड समोरून, लग्नातला ग्रुप फोटो कापलेला नको.

त्याहून महत्त्वाच्या आहेत सेटिंगमधल्या दोन-तीन गोष्टी. प्रोफाइल दुरुस्त करायला बसण्याआधी, बदल झाला की परिचितांना कळवायची सोय बंद करावी. नाहीतर हुद्द्यातला बदल साहेबांपर्यंत लगेच पोचू शकतो. ‘ओपन टू वर्क’ दोन तऱ्हेने लावता येतं: सगळ्यांना दिसेल अशी फोटोभोवतीची हिरवी कडा, किंवा फक्त रिक्रूटरना दिसेल असं. नोकरीत असणाऱ्याने दुसरं निवडावं. तरीही आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते अजिबात दिसणार नाही, अशी हमी लिंक्डइन देत नाही. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक यांचं प्रोफाइलवर काहीच काम नाही. पासवर्ड वेगळा आणि दुहेरी पडताळणी चालू हवी: २०१२ साली लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले होते आणि त्यांतल्या सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांची माहिती २०१६ मध्ये विक्रीला निघाली होती.

सापडण्याजोगं प्रोफाइल भामट्यांनाही सापडतं. ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेने २०२१ मध्ये इशारा दिला, की व्यावसायिक जाळ्यांवरच्या बनावट खात्यांतून पाच वर्षांत किमान दहा हजार ब्रिटिश नागरिकांना गाठण्यात आलं. संरक्षण, संशोधन किंवा सरकारी प्रकल्पांत असणाऱ्यांनी कामाचं वर्णन म्हणूनच मोघम ठेवावं. २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेही सावध केलं होतं: थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी आहे असं सांगून संगणकशिक्षित तरुणांना नेलं जात होतं, आणि ती मुलं म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचत होती.

देशातला प्रकार याहून साधा. एखाद्या नामांकित कंपनीच्या एचआरच्या नावाने संदेश येतो, बोलणं लगेच व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नेलं जातं, मुलाखत नावालाच होते आणि ऑफर लेटरसोबत ‘लॅपटॉपची अनामत’ किंवा ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली जाते. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे का, ती जागा कंपनीच्या संकेतस्थळावर दिसते का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. परदेशातल्या नोकरीसाठी भरती एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर तपासता येतं, आणि अशा नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. रक्कम भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार नोंदली गेली, तर ती बँकेला गोठवता येते.